मोटार एका अंगाला ओढते तेव्हा

सरळ रस्त्यावर स्टीअरिंगवरचा हात जरा सैल सोडला की मोटार आपोआप डाव्या नाहीतर उजव्या अंगाला जाऊ लागते, ही तक्रार जुनी लहान मोटार बाळगणाऱ्या घरांतून नेहमी ऐकू येते. त्यावर बहुतेक मंडळी दोनच गोष्टी करतात. एक तर सवय करून घेतात, म्हणजे स्टीअरिंग कायम थोडे उलट बाजूला धरून गाडी हाकतात. नाहीतर तालुक्याच्या गावी जाऊन 'अलाइनमेंट' करून आणतात. पहिल्या उपायाने खांदे दुखतात. दुसऱ्याने पुष्कळदा नुसतेच पैसे जातात आणि ओढ होती तशी राहते. याचे कारण असे की अलाइनमेंट हा एका विशिष्ट दोषावरचा उपाय आहे आणि ओढ मात्र निदान सात-आठ कारणांनी येते. ताप आला म्हणून कोणी सरळ मलेरियाची गोळी घेत नाही. आधी ताप केव्हा येतो, थंडी वाजून येतो की नाही, हे वैद्य विचारतो. मोटारीचेही तसेच आहे. ती कोणत्या बाजूला ओढते हे जितके महत्त्वाचे, त्याहून ती केव्हा ओढते हे अधिक महत्त्वाचे.

हा लेख मुख्यतः मारुती ८०० डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे. ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि २०१४ च्या आरंभी तिचे उत्पादन थांबले. म्हणजे अगदी शेवटच्या गाडीलाही आता दहा वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. तरी वाड्यावस्त्यांवर ती अजून भरपूर दिसते. एका दुभत्या गाईच्या किमतीत पुष्कळदा मिळून जाते, बांधावरच्या अरुंद रस्त्याने जाते आणि गावातला कोणताही मिस्त्री तिला हात लावू शकतो. तशीच रचना असलेल्या पुढे इंजिन व पुढच्याच चाकांना ओढ देणाऱ्या इतर लहान गाड्यांनाही यातले बरेचसे लागू पडेल.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हा केवळ टायर झिजण्याचा किंवा पेट्रोल जास्त जाण्याचा प्रश्न नाही. समोरून उसाची ट्रॉली येत आहे, मागच्या सीटवर आजी आणि दोन मुले बसली आहेत, अशा वेळी वासरू आडवे आले म्हणून ब्रेक दाबला आणि गाडी उजवीकडे फिरली, तर काय होईल याची कल्पना करावी. रोज थोडी थोडी ओढणारी गाडी अशा एका दिवशी एकदम ओढते.

बैलजोडीचा दाखला

ज्याने बैलगाडी हाकली आहे त्याला ओढ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. जुवाला जुंपलेला एक बैल मागे रेंगाळला की गाडी त्याच्याच बाजूला वळते. मोटारीत पुढची दोन चाके म्हणजे ती बैलजोडी. ज्या चाकाला काही अटकाव होतो, मग तो हवा कमी असल्याने होवो, ब्रेक अडकल्याने होवो किंवा बेअरिंग जड झाल्याने होवो, त्या चाकाकडे गाडी जाते. आणि दोन्ही चाके मोकळी फिरत असूनही ओढ असेल तर चाक ज्या कोनात उभे असायला हवे त्या कोनात ते नाही असे समजावे. म्हणजे कारणे दोन घराण्यांची झाली: अटकाव आणि कोन. पहिल्या घराण्यातली कारणे घरच्या अंगणात तपासता येतात आणि त्यांचा खर्चही थोडा असतो. म्हणून सुरुवात तिथूनच करावी.

पण त्याही आधी रस्त्याचा दोष गाडीच्या माथी मारत नाही ना, हे पाहावे. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून आपले डांबरी रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते केलेले असतात. आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो. साहजिकच तिचा थोडा कल डावीकडे राहणार. पहाटे किंवा दुपारी अगदी मोकळा, लांबवर नजर पोचेल असा सरळ रस्ता पाहून ताशी चाळीसच्या वेगाने थोडे अंतर मध्यभागी चालवून पाहावे. शेजारी एक जाणता माणूस बसवावा, त्याने पुढे-मागे लक्ष ठेवावे. हात स्टीअरिंगला लागलेलेच असावेत, पकड मात्र सैल असावी. मध्यावर आल्यावर डावा कल नाहीसा झाला तर गाडी निर्दोष आहे, दोष उताराचा. उलट गाडी उजवीकडे जात असेल तर ती उताराच्या विरुद्ध चढते आहे. उजवी ओढ थोडी असली तरी तिच्याकडे काणाडोळा करू नये.

याच फेरीत चार प्रश्नांची उत्तरे मिळवावीत. एकसारख्या वेगात ओढते का? ब्रेक दाबल्यावरच ओढते का? ॲक्सिलरेटर जोराने दाबला की एका बाजूला आणि सोडला की दुसऱ्या बाजूला जाते का? आणि खड्ड्यातून गेल्यावर किंवा वळण घेतल्यावर तिचा कल बदलतो का? उत्तरे कागदावर लिहून ठेवावीत. मिस्त्रीकडे जाताना हा कागद खिशात असला तर अर्धे काम झाले असे समजावे. 'गाडी ओढते' एवढेच सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला मिस्त्री तरी काय निदान सांगणार?

आणखी एक खुलासा. स्टीअरिंग वाकडे राहते पण गाडी सरळ जाते, ही ओढ नव्हे. तो टाय रॉडच्या जुळणीचा दोष. तसेच ठराविक वेगाला स्टीअरिंग थरथरते, तीही ओढ नव्हे. काळ्या रानातून आलेल्या गाडीच्या रिमच्या आतल्या अंगाला चिखलाचा थर वाळून बसतो आणि चाकाचा तोल जातो. नुसती खरवडून चाके धुतली तरी पुष्कळदा थरथर जाते. या तीन तक्रारींची गल्लत करू नये.

हवा आणि टायर

हवा सकाळी, गाडी बाहेर काढण्यापूर्वी, टायर थंड असताना मोजावी. गावातल्या पंक्चरवाल्याच्या यंत्रावर विसंबू नये. त्याच्याकडे दिवसभर ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या येतात. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला शेतात जेमतेम बारा-पंधरा पौंड पुरतात, ट्रॉलीला त्याच्या कितीतरी पट लागते, आणि मधल्या मध्ये आपल्या बारा इंची चाकात तो अंदाजाने काहीतरी भरतो. एका चाकात चोवीस आणि दुसऱ्यात छत्तीस झाले तरी डोळ्यांना फरक दिसत नाही. खिशात मावणारा हवामापक स्वतःचा असावा. त्याची किंमत पहिल्याच टायरच्या वाचलेल्या आयुष्यात वसूल होते. किती हवा भरावी हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. तो आकडा पाळावा आणि पुढची दोन्ही चाके तंतोतंत सारखी करावीत. पुष्कळ गाड्यांची ओढ इथेच संपते.

न संपली तर टायर पाहावेत. पुढच्या दोन चाकांना एक रेडियल आणि एक नायलॉन अशी जोडी लावलेली गाडी ओढणारच. एक नवा, एक गुळगुळीत, किंवा एक रिमोल्ड असेल तरी तेच. बाजूच्या भिंतीवरून आणि नक्षीवरून तळहात फिरवून कुठे फुगवटा लागतो का ते पाहावे. आतली दोरे तुटली की तो येतो, आणि असा टायर ओढ असो वा नसो, काढूनच टाकावा.

रेडियल टायर बाहेरून चांगला दिसत असूनही आतल्या बांधणीत किंचित तिरकसपणा असल्यामुळे एका बाजूला लोळतो, जशी शंकूच्या आकाराची वस्तू जमिनीवर सोडली की वळत जाते. हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी सोपी युक्ती आहे. पुढचे डावे चाक उजवीकडे आणि उजवे डावीकडे लावावे आणि पुन्हा त्याच रस्त्यावर फेरी मारावी. ओढ बाजू बदलून आली तर दोषी टायर. होती त्याच बाजूला राहिली तर टायर निर्दोष, दोष गाडीत. फक्त टायरच्या भिंतीवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर अशी अदलाबदल करू नये. तिथे त्याच बाजूचे मागचे चाक पुढे आणून पाहावे. ही परीक्षा अर्ध्या तासाची आणि फुकटची आहे, तरी ती क्वचितच कोणी करते. दोषी टायर मागच्या चाकाला लावला की बहुधा त्याची खोड जाणवत नाही.

चाके बदलताना दोन पथ्ये पाळावीत. इतर चाकांना पुढून-मागून धोंडे लावावेत, आणि काढलेले चाक दाराखालच्या पट्टीखाली आडवे सरकवून ठेवावे, म्हणजे जॅक घसरलाच तर गाडी त्यावर बसेल. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही, कितीही थोडा वेळ, शिरू नये. आणि चाक बसवल्यावर पन्नास एक किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा आवळून पाहावेत.

ब्रेकचे दुहेरी वागणे

आता सर्वांत फसव्या कारणाकडे येऊ. त्यासाठी एक उदाहरण सांगतो.

निफाड तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदारांची पांढरी ८०० डावीकडे ओढत होती. चार महिन्यांत त्यांनी तीनदा अलाइनमेंट केले. प्रत्येक वेळी यंत्रावरचे आकडे बरोबर आणि गाडी रस्त्यावर आली की पुन्हा डावीकडे. शिवाय गाडी ब्रेक दाबला की उजवीकडे झटका देत असे. डावीकडेही ओढते आणि उजवीकडेही ओढते, तेव्हा गाडीची चॅसीच वाकली असणार, ती विकून टाकावी, असे त्यांना एका जाणकाराने सांगितले. गाडीला चॅसी अशी वेगळी नसतेच, तिचा सगळा सांगाडा एकसंध पत्र्याचा असतो, पण ते असो. एकदा पिंपळगावहून घरी आल्यावर त्यांच्या मंडळी गाडीतून उतरल्या आणि म्हणाल्या, "अहो, काहीतरी करपल्याचा वास येतोय. माझ्याच बाजूने येतोय." तवा तापला की नाही हे जसे त्यावर हात धरून पाहतात तसा त्यांनी पुढच्या डाव्या चाकाजवळ हात धरला आणि चटकन मागे घेतला. उजव्या बाजूचे चाक जेमतेम कोमट होते. तीन अलाइनमेंटनी जे सापडले नव्हते ते तिथे अर्ध्या मिनिटात सापडले.

झाले होते ते असे. पुढच्या डिस्कला दोन्ही अंगांनी चिमटीत धरणारे जे कॅलिपर असते ते दोन पिनांवर मागे-पुढे सरकते. पिनांना धुळीपासून वाचवणारे रबरी बूट फाटले, आत पाणी आणि चिखल गेला, पिना गंजल्या आणि कॅलिपर जागच्या जागी अडकले. ब्रेकवरचा पाय काढला तरी आतले पॅड डिस्कला घासतच राहिले. म्हणून चालताना डावीकडे ओढ. पण सतत घासून तापलेल्या आणि काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या त्या पॅडला ऐन ब्रेकच्या वेळी पकड उरली नव्हती. उजवे चाक मात्र नीट थांबत होते. म्हणून ब्रेक लावल्यावर उजवीकडे झटका. दोष एकच, लक्षणे दोन आणि तीही परस्परविरुद्ध. चाक उघडले तेव्हा डावीकडचे आतले पॅड लोखंडापर्यंत झिजलेले होते आणि बाहेरचे जवळजवळ नवे.

तेव्हा नियम असा लक्षात ठेवावा: साधे चालताना गाडी ज्या बाजूला ओढते त्या बाजूचा ब्रेक तपासावा, आणि ब्रेक दाबल्यावरच ओढत असेल तर ज्या बाजूला ओढते तिच्या समोरच्या बाजूचा ब्रेक आधी पाहावा, कारण ज्या बाजूचा ब्रेक चांगला लागतो तिकडे गाडी वळते. मिस्त्री मंडळीही येथे पुष्कळदा चांगला ब्रेक उघडून बसतात.

घरी तपासायची रीत सोपी. पाच-सहा किलोमीटर, शक्य तितका कमी ब्रेक वापरून गाडी चालवावी आणि सावकाश थांबवावी. लगेच उतरून चारही चाकांच्या मध्याजवळ तळहात धरावा. स्पर्श करू नये. अडकलेल्या ब्रेकची डिस्क हात भाजेल इतकी तापते. डाव्या-उजव्या चाकांच्या उष्णतेत उघड फरक असेल तर चोर सापडला. मग गाडी थंड झाल्यावर ते चाक जॅकवर उचलावे, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि हाताने फिरवून पाहावे. दुसऱ्या बाजूच्या चाकाशी तुलना करावी. पुढच्या चाकाला गिअरपेटीचा थोडा जडपणा राहतोच, तो दोन्हीकडे सारखा असावा.

चाक जड लागले तर पुढची परीक्षा मिस्त्रीकडून करवावी. कॅलिपरवरचा ब्लीडिंगचा निपल थोडा सैल केला आणि चाक लगेच मोकळे झाले, तर कॅलिपर ठीक आहे, मागे तेलाचा दाब अडकून राहतो आहे. याचे नेहमीचे कारण म्हणजे रबरी होज पाइप. तो वर्षानुवर्षांच्या वापराने आतून सुजतो. पायाच्या जोराने तेल पुढे जाते पण मागे परतत नाही. बाहेरून तो धडधाकट दिसतो. निपल सैल करूनही चाक जडच राहिले तर पिना किंवा पिस्टन गंजला आहे. हे दोन दोष ओळखल्याविना नवे पॅड टाकणे म्हणजे दर चार महिन्यांनी पॅड विकत घेणे.

शेतकरी घरातल्या गाड्यांना हा रोग जास्त का होतो, त्याची कारणे आपल्याच राहणीत आहेत. गाडी आठ-आठ दिवस गोठ्याशेजारी दमट जागेत उभी राहते. कालव्यावर किंवा मोटारीच्या पाण्याने धुतात आणि तशीच ओली ठेवून देतात. धुतल्यावर एक फेरी मारून चार-सहा वेळा ब्रेक लावला तर डिस्क कोरडी होते. पावसाळ्यापूर्वी गंज धरू नये म्हणून खालून जळके ऑइल किंवा डिझेल मारण्याची पद्धत आहे. ती लोखंडी पत्र्याला पोषक असेल, पण तेच ऑइल रबरी बुश फुगवून खराब करते आणि त्याचे चार शिंतोडे एका डिस्कवर उडाले की गाडी ब्रेक लावल्यावर दुसऱ्या बाजूला पळते. फवारा मारायचाच असेल तर चाके झाकून मारावा.

सर्वांत घातक चूक म्हणजे ब्रेक ऑइलच्या डब्यात ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक किंवा इंजिनचे ऑइल ओतणे. नाव ऑइलच, रंगही जवळपास तोच, म्हणून घरात जे असते ते ओतले जाते. त्याने आतले रबरी वायसर फुगतात आणि चारही ब्रेक अडकतात किंवा निकामी होतात. तसे झालेच असेल तर गाडी हलवू नये. जिथे उभी आहे तिथेच मिस्त्रीला बोलवावे. खरे ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, म्हणून तेही दर दोन वर्षांनी बदललेले बरे. डबा उघडल्यावर झाकण घट्ट लावावे, वर्षभर उघडा राहिलेला डबा वापरू नये.

ओळंबा आणि टेप

हवा, टायर आणि ब्रेक निर्दोष ठरले की मग कोनाच्या घराण्याकडे वळावे. मारुती ८०० च्या पुढच्या चाकाला खालून एक लोअर आर्म धरून ठेवतो, आणि त्या आर्मला पुढे-मागे हलू न देण्याचे काम पुढचा आडवा स्टॅबिलायझर बार करतो. या साऱ्या जोडांत रबरी बुश असतात. ते झिजले की ब्रेक दाबल्याबरोबर किंवा खड्ड्यात आपटल्याबरोबर चाक मागे सरकते आणि गाडी त्या बाजूला जाते. खड्ड्यागणिक ओढ बदलणे, ब्रेक लावताना 'टक' असा आवाज येणे, ही याची खूण.

चाक उचलून वरून आणि खालून धरून हलवले आणि ते खुळखुळले तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग गेले. डावी-उजवीकडे धरून हलवले आणि खेळ जाणवला तर टाय रॉड एंड. ओढीबरोबर आवाजही येत असेल आणि बॉल जॉइंट ढिला लागला, तर ती गाडी बाजाराला नेऊ नये. बॉल जॉइंट निसटला की चाक आडवे पडते, मग स्टीअरिंग हातात असून नसल्यासारखे.

चाक मागे सरकले आहे काय हे पाहण्यासाठी गवंड्याचा ओळंबा आणि टेप पुरतो. गाडी सपाट फरशीवर किंवा सिमेंटच्या खळ्यावर उभी करावी, चाके सरळ ठेवावीत. पुढच्या चाकाच्या मध्यबिंदूवरून ओळंबा सोडून खाली खडूने खूण करावी. तशीच मागच्या चाकाची. दोन खुणांमधले अंतर डावीकडे आणि उजवीकडे मोजावे. या गाडीत ते २१७५ मिलिमीटर, म्हणजे साधारण २१७ सेंटिमीटर असते. चार-पाच मिलिमीटरचा फरक आपल्या हाताच्या मोजणीतही पडतो, तो सोडून द्यावा. सेंटिमीटरच्या वर फरक निघाला तर ज्या बाजूचे अंतर कमी त्या बाजूचे बुश गेले आहेत किंवा आर्म वाकला आहे. घराचा पाया आखताना कर्ण मोजतो तसे या चार खुणांचे कर्णही मोजून पाहावेत. ज्याने पाया आखला आहे त्याला यात नवे काही नाही.

चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंचीही दोन्हीकडे मोजावी. एका बाजूने गाडी बसली असेल तर स्प्रिंग थकली आहे. कांद्याच्या गोण्या आणि टोमॅटोचे क्रेट मागच्या सीटवर लादणारी मंडळी ही मापे वर्षातून एकदा घेतील तर बरे.

बुश बदलताना दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत. आणि मिस्त्रीला एवढे जरूर सांगावे की बुशाचे नट शेवटी आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करून. चाके लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली उतरताच रबर पिळले जाते आणि नवे बुश थोड्याच दिवसांत फाटते.

दोन किरकोळ कारणे इथेच सांगून टाकतो. डावीकडे वळल्यावर गाडी डावीकडेच आणि उजवीकडे वळल्यावर उजवीकडेच ओढत राहत असेल, स्टीअरिंग आपोआप मध्यावर येत नसेल, तर वरचे स्ट्रट बेअरिंग किंवा स्टीअरिंगचा रॅक जड झाला आहे. आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावरच ओढ येत असेल तर पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तिचा थोडा अंश स्वाभाविक आहे. जुन्या फियाट किंवा अँबॅसडरमध्ये मागची चाके ढकलत असत, म्हणून त्या चालवलेल्या माणसांना हे नवे वाटते. एवढ्याशा इंजिनात ती ओढ फार जाणवू नये. जाणवलीच तर पुन्हा बुश आणि इंजिनाचे माउंटिंग पाहावे.

अलाइनमेंट सर्वांत शेवटी

झिजलेले भाग बदलल्यावरच अलाइनमेंट करावे. ढिल्या खुंट्याला कितीही नेमका कोन दिला तरी तो टिकत नाही. यंत्रावर तीन कोन दिसतात. दोन्ही चाकांची पुढची टोके आत किंवा बाहेर वळली आहेत का, हा टो. चाक वरून आत किंवा बाहेर कलले आहे का, हा कॅम्बर. आणि सायकलचा पुढचा फोर्क जसा मागे कललेला असतो तसा चाकाच्या वळण्याच्या आसाचा कल, हा कॅस्टर. सायकल हात सोडूनही सरळ जाते त्यात या कलाचा वाटा असतो. मारुती ८०० मध्ये यांतला फक्त टो जुळवण्याची सोय आहे, आणि टो बिघडला तर मुख्यतः टायर खातो व स्टीअरिंग वाकडे होते. ओढ आणणारे कोन उरलेले दोन. ज्या बाजूचा कॅस्टर कमी, किंवा ज्या बाजूचे चाक वरून जास्त बाहेर कललेले, तिकडे गाडी जाते. ते दोन्ही कोन कारखान्यातच ठरलेले असतात. त्यांच्यात डाव्या-उजव्यात फरक दिसला तर तो स्क्रू फिरवून जात नाही. काहीतरी झिजले आहे, वाकले आहे किंवा गाडी पूर्वी कुठे आदळली आहे.

म्हणून अलाइनमेंटवाल्याकडून आधीचे आणि नंतरचे आकडे छापलेला कागद मागून घ्यावा. "सगळं ओके केलंय, काका" एवढ्यावर समाधान मानू नये. काही ठिकाणी हायड्रॉलिक जॅक लावून स्ट्रट वाकवून कॅम्बर 'बसवून' देतात. माझ्या मते हे करू देऊ नये. मूळ दोष आतच राहतो आणि वाकवलेल्या भागाची ताकद किती उरली हे कोणालाच दिसत नाही.

पंधरा वर्षांनंतर फेरनोंदणीसाठी गाडी परिवहन कार्यालयात न्यावी लागते आणि नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. तिथे जाण्याच्या आदल्या आठवड्यात चाकांवर हात धरण्याची ती परीक्षा करून घ्यावी.

जुनी गाडी विकत घ्यायला जाणाऱ्यांनी टेप, ओळंबा आणि हवामापक पिशवीत घालून न्यावे. आधी चारही चाकांची हवा सारखी करावी, मग फेरी मारावी. विकणारा म्हणेल, "अलाइनमेंट केलं की जाईल." तसे असेल तर त्यानेच ते करून द्यावे आणि कागद दाखवावा, मग आपण टेप पिशवीतून काढावा.